पॅसेंजरचे थांबे

माझा थोरला भाऊ सदाशिव तळ्याच्या पाळीजवळच्या त्याच्या एकट्याच्या घरातून बस स्टँडवर पेपर वाचायला निघाला, की एखादी बकरी चरत चरत त्याच्या आधी पोचते. गाव आमचं अर्जुनी मोरगावच्या अलीकडचं, एवढंसं. पण दादा दारोदार थांबतो. शेवंताबाईच्या ओसरीवर बसून फोडणीचा वास घेतो आणि मोहरी जळली म्हणून सांगतो. राइस मिलपाशी धानाचे चार दाणे दाताखाली धरून ओल किती ते सांगतो. टेलरकडे भलत्याच कोणाच्या शर्टाची काजं तपासतो. अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेला हत्ती तर तो वर्षानुवर्षं पाहतो आहे, जणू रात्रीतून हत्तीने पाय बदलला असावा. सगळीकडे वाक्य एकच, "पाहू तं दे." लोक देतात. तो पाहतो, चूक काढतो आणि पुढे निघतो.

त्याला 'पॅसेंजर' हे नाव मी ठेवलं. गोंदियाची गाडी जशी प्रत्येक स्टेशनावर उभी राहते, तसा हा. शेवंताबाईच्या ओसरीच्या जरा पुढे असलेलं माझं कापडाचं दुकान तेव्हा नवीन होतं. तो दारात दिसला की मी म्हणायचो, "घ्या, पॅसेंजर आली." गिऱ्हाइकं हसायची, मला बरं वाटायचं. दादाही हसला होता. पण नंतर माझ्या दुकानापुढचा त्याचा थांबा बंद झाला. मान खाली घालून झपाझप जायचा आणि पुढच्या पानठेल्याचा खांब धरून उभा राहायचा. मला वाटायचं, रुसला. शिवाय, एवढा भरभर चालतो तर शेतात धानाच्या रोवणीच्या वेळीच याला दम कसा लागतो? हे मी चारचौघांत बोललोही आहे. आळशी म्हणून त्याचं नाव झालं, लग्न काही झालं नाही, त्यात माझ्या जिभेचा वाटा किती, ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्याचा खोकला जाईना म्हणून मी त्याला नागपूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, मशीनवर हृदय पाहिलं आणि सांगितलं, आतल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे. न थांबता किती चालता, असं त्यांनी विचारलं.

"शेवंताबाईच्या ओसरीपर्यंत," दादा म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला मात्र तो रस्ता एकदम दिसला. ओसरी, मिल, टेलर, हत्ती. दर दोन थांब्यांमधलं अंतर सारखंच.

भोक मोठं होतं, त्यामुळे मांडीच्या शिरेतून नेऊन बसवायचं झाकण तिथे टिकणार नव्हतं. पण छातीचं हाड कापायचीही गरज नव्हती. उजव्या बगलेखाली बोटभर चीर देऊन आत ठिगळ लावता येईल, बाई म्हणाल्या. मात्र वेळ घालवला आणि फुप्फुसांतला दाब वाढला, तर पुढे ते बुजवताच येणार नाही. दादा मशीनवरच्या चित्राकडे वाकला. "पाहू तं द्या." बराच वेळ पाहून त्याने बाईंना बजावलं, की ठिगळाचं ठीक आहे, पण आमच्या टेलरसारखं उलट्या बाजूने लावू नका.

मग त्याने विचारलं, "मंग न थांबता स्टँडवर जाता येईन?"

आरामात, बाई म्हणाल्या. यावर माणसाने खूश व्हावं. हा गाव येईस्तोवर गाडीच्या खिडकीतून वाटेतले थांबे मोजत बसला.

पुढे नुसती टाळाटाळ. आधी गावची मंडईची जत्रा होऊ दे, मग उन्हाळी धानाची रोवणी, मग कोणाकडचे पाहुणे. मी रागावलो, घाबरवलं, बायकोने शपथ घातली. भीतीवरची सगळी उत्तरं मी तयार ठेवली होती. शेवटी एका सकाळी पाळीवर बसून तो बोलला.

"घरी माह्यासंग बोलनारं कोन आहे गा? दम लागते म्हनून मी थांबतो, थांबतो म्हनून लोकं बोलतात. चांगला झालो तं कोनाच्या दारात कायले उभा राहू?"

मी भलतंच विचारलं, "अन् माह्या दुकानापुढून न थांबता कसा जात होता?"

"शेवंताबाईकडं जास्त वेळ बसत होतो," तो म्हणाला. "मंग जमत होतं."

दुसऱ्या दिवशी मी दुकानातली गिऱ्हाइकाची खुर्ची उचलून बाहेर पायरीशेजारी ठेवली. दादा आला. मान खालीच होती, म्हणून खुर्ची आधी दिसली.

"येथं मले थांबाचं काम नाही पडत," तो म्हणाला.

"काम कायले पायजे?" मी म्हणालो.

तो उभाच. मग "पाहू तं दे" म्हणत त्याने खुर्ची हलवून पाहिली, मागचा एक पाय डुगडुगतो म्हणून सांगितलं, आणि बसला. त्याचा श्वास जागेवर यायला वेळ लागला. इतक्या वर्षांत तो मी पहिल्यांदा ऐकला. आतून बायकोने चहा आणला, त्याने साखर जास्त झाल्याचं सांगून सगळा संपवला.

"डॉक्टरीनबाईले फोन लाव," कप खाली ठेवत तो म्हणाला. "अन् हे खुर्ची आत नेऊ नोको."