डहाळी बांधलेली शिडी

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या कानिटकर काकांकडून शिडी आणली, तर तिच्या पायरीला डॉगवूडची डहाळी बांधलेली असते आणि डहाळीला एक कविता. शिडी परत करताना सोबत उत्तराची कविता द्यावी लागते. नाहीतर ते शिडी घेत नाहीत.

काका निवृत्त इंजिनियर. आयुष्यभर सांडपाण्याच्या पाइपांचे उतार काढले. मग लायब्ररीतल्या एका फुकट कोर्समध्ये त्यांना हजार वर्षांपूर्वीचा जपानी राजदरबार भेटला आणि ते तिथेच राहायला गेले. जपानी येत नाही, म्हणून कविता मराठीत. पाच ओळी, एकतीस अक्षरं, आणि ऋतू हवाच. "उत्तर न देणं म्हणजे तोंडावर दार लावणं," हे त्यांचं पालुपद.

त्या दरबारात म्हणे कागदाचा रंग चुकला तरी माणूस नजरेतून उतरायचा. मग राज्य कोण चालवायचं, असं मी विचारलं.

"चालवत असेल कोणीतरी. त्यांच्या कविता राहिल्या नाहीत."

माझं पहिलं उत्तर त्यांनी परत पाठवलं. एक अक्षर जास्त होतं. "पाइप एक इंच जास्त चालतो का?" शिडी आठवडाभर आमच्याच गराजमध्ये अडकली.

सुधाकाकू मात्र नवऱ्याची कविता वाचून "बरं" म्हणतात आणि झाड ओरबाडल्याबद्दल रागावतात. मार्चमध्ये त्या लेकीच्या बाळंतपणाला सिअ‍ॅटलला गेल्या. काका रोज फोनवर कविता पाठवू लागले. उलट नुसता अंगठा यायचा. अंगठा म्हणजे उत्तर नव्हे, असं ते एकदोनदा म्हणाले. मग तेही म्हणेनासे झाले. गरज नसताना मी मुद्दाम शिडी मागून पाहिली. नुसती शिडी आली.

परवा सकाळी काका फोन घेऊन दारात. काकूंचा मेसेज होता: "अहो, आमटीत पाणी घालू नका. इकडे पाऊस आहे. तुमची छत्री मीच आणली, तीच वापरते."

काकांनी बोटांवर मोजलं. मीही मोजलं. छत्तीस.

"पाच जास्त आहेत, काका," मी म्हणालो. संधी कोण सोडतो.

"चालायचं दरबारात," ते म्हणाले. "आणि पाऊस आलाय बघ. ऋतू आहे."

मग त्यांनी आमच्याच डॉगवूडची एक डहाळी मोडली, फोनच्या कव्हरात खोचली आणि फोन खिशात न घालता, दोन्ही हातांत धरून घरी गेले.