गणसंख्येअभावी लिनक्स तहकूब

आमच्या लॅपटॉपमध्ये नवीन सिस्टीम टाकायची असेल तर आधी त्याच्या पार्टांची सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. हे मला गुरुवारी सकाळी कळलं, तेव्हा लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून झाला होता.

स्क्रीन काळी झाली आणि पांढऱ्या अक्षरांत ओळ आली. ‘अर्जदार लिनक्स यांना कायम वास्तव्य देण्याचा विषय सभेपुढे ठेवल्याशिवाय विचारात घेता येणार नाही. सही, प्रोसेसर, अध्यक्ष.’

मी एका फोरमवर फोटो टाकला. नांदेडच्या एकाने पाच मिनिटांत उत्तर दिलं, ‘होतं असं. सिक्युअर बूट बंद कर आणि नोटीस काढ.’

लॅपटॉप अकरा वर्षांचा. जुनी सिस्टीम त्याला झेपत नव्हती, चालू व्हायला पाऊण तास घ्यायची, म्हणून ती काढून हलकं लिनक्स टाकायचं ठरवलं होतं. घाई होती, कारण सोमवारी सकाळी दहाला माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. कॅमेरा पाहिजे, माइक पाहिजे, नेट पाहिजे, आणि काम स्क्रीनवर करून दाखवायचं, त्यामुळे फोन चालणार नव्हता. घरात दुसरी मशीन नाही. ही नोकरी गेली तर कराडमध्ये बसून मिळणारी अशी दुसरी नव्हती.

सभासद पंधरा. प्रोसेसर, हार्डडिस्क, पंखा, दोन जुळ्या रॅम, स्क्रीन, कीबोर्ड, टचपॅड, बॅटरी, स्पीकर, माइक, कॅमेरा, डीव्हीडी ड्राइव्ह, घड्याळाचा सेल आणि वायफाय कार्ड. सर्वसाधारण सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते. माझ्याकडे चार होते.

मी नोटीस टाइप केली आणि सेटिंगमध्ये जाऊन लॅपटॉपची तारीख चौदा दिवस पुढे ढकलली.

लगेच ओळ आली. ‘हरकत. मी वायफाय कार्ड बोलतोय. आत्ता चहाच्या एका घोटात चौदा दिवस गेले. कुठे गेले?’

मी टाइप केलं, ‘गेले. दिवस काय, भरभर जातात.’

‘आम्हाला न विचारता?’

‘सेलला विचारा. घड्याळ त्याच्याकडे आहे.’

सेलने कळवलं, ‘मी दोन हजार सतरापासून वारलेलो आहे. मला यात ओढू नका.’

हे खरं होतं. सेल गेल्यापासून लॅपटॉप बंद करून चालू केला की तारीख एक जानेवारी दोन हजार बाराच यायची.

वायफाय म्हणाला, ‘सभा बेकायदेशीर आहे. मी बहिष्कार घालतो. माइक, कॅमेरा, स्पीकर माझ्यासोबत आहेत.’ एकेक दिवा विझला. कॅमेऱ्याचा शेवटी विझला, त्याच्या मनात थोडं थांबायचं होतं असं मला वाटलं.

मी बऱ्याच कमांड मारल्या. फोनवर ‘वायफाय चालत नाही’ असं शोधलं, तर चाळीस लाख उत्तरं आली. बारा करून बघितली. एकाने लिहिलं होतं, कार्ड काढून परत लावा. वायफायने लिहिलं, ‘हात लावून तर बघ.’

तेवढ्यात आई पोळपाटावरून उठून आली. हाताला पीठ तसंच.

“काय झालं रे? सकाळपासून तोंड पाडून बसलायस.”

“सभा बेकायदेशीर ठरली.”

“कोणाची?”

“लॅपटॉपची.”

आई खुर्ची ओढून बसली. “नोटीस कशी बजावलीस?”

“तारीख पुढे केली.”

आई म्हणाली, “सत्या, तू निकमांचा मुलगा शोभतोस.”

आमच्या घरात यापेक्षा मोठी शिवी नाही. आई नऊ वर्षं कृष्णाई अपार्टमेंटची सचिव होती. जूनमध्ये अध्यक्ष निकमकाकांनी तिला एका नोटिशीवर मागची तारीख टाकायला सांगितली, तिने नाही टाकली, आणि पुढच्याच सभेत तिला काढलं. कोणी आभारसुद्धा मानले नाहीत. इतिवृत्तात लिहिलं, ‘बी-सातच्या बाईंच्या जागी नवीन नेमणूक.’ नऊ वर्षांत बिल्डिंगमध्ये तिला कोणी नावाने ओळखत नव्हतं. बी-सात. तेव्हापासून तिचं पेन फ्रिजवर पडून होतं.

आईचा नेमकेपणा मला आधीपासून माहीत आहे. मागे मी ‘लिफ्टला मंगळवारी वार्षिक रजा’ अशी नोटीस लावली होती, सगळे दिवसभर जिन्याने चढले. आईने इतिवृत्तात लिहिलं, ‘सदर नोटीस बनावट असून ती सचिवांच्या मुलाने लावली आहे. सचिवांनी त्याला रात्रीचं जेवण दिलं, परंतु गोड दिलं नाही.’

तिने हात धुतले, फ्रिजवरचं पेन घेतलं आणि म्हणाली, “उपविधी दाखव.”

“कसले?”

“लॅपटॉपचे. बिनउपविधीचा कसा असेल?”

मी लॅपटॉप बंद करून, एफ-टू दाबून तो निळा स्क्रीन उघडला. मी त्याला बायोस म्हणत होतो. आईने अर्धा तास चष्मा पुढेमागे करत वाचला.

“हे बघ. विशेष सभा. तीन दिवसांची नोटीस पुरते, पण प्रत्येकाला हातोहात आणि पोच घेऊन. आणि तीन दिवस त्यांच्या घड्याळाने मोजायचे. म्हणजे आता हा बंद करायचा नाही. बंद झाला की परत एक जानेवारी, आणि तीन दिवस पहिल्यापासून.”

“रविवारी चार वाजता सभा होईल. इंटरव्ह्यू सोमवारी दहाला.”

“मग बसलायस काय? स्क्रू ड्रायव्हर आण.”

चालू लॅपटॉप उघडू नये हे मला कॉलेजात शिकवलेलं आहे. आई म्हणाली, सभासद झोपेत असताना दिलेली नोटीस धरत नाहीत. अकरा स्क्रू काढले. आईने नखाएवढ्या पंधरा चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर विषयपत्रिका लिहिली, आणि एकेकाच्या पुढ्यात नेऊन धरली. पंख्याने घेतली आणि भिरकावली, पण पोच दिली. जुळ्या रॅमनी एकच नोटीस चालेल का विचारलं. आई म्हणाली, नाही.

वायफायने नोटीस घ्यायला नकार दिला.

“घेत नाही म्हणतो,” मी स्क्रीन वाचून सांगितलं.

“न घेऊ दे.” आईने पंख्याला साक्षीदार केलं आणि चिठ्ठी वायफायच्या स्लॉटच्या कडेला चिकटपट्टीने डकवली. “दारावर लावली. बजावली गेली.”

मग ती बराच वेळ तिथेच वाकून राहिली. देवघरातलं पोथी वाचायचं भिंग मागवलं, काहीतरी वाचलं, वहीत उतरवून घेतलं. मी विचारलं नाही. गुरुवार, तीन वाजून पन्नास मिनिटं.

प्लगवर आईने कागद लावला, ‘काढू नये. सभा चालू आहे.’ शुक्रवारी दुपारी लाइट गेली. आमची बॅटरी अकरा मिनिटं टिकते. आम्ही दोघं लॅपटॉपजवळ बसून राहिलो. आई म्हणाली, “धीर धर गं बाई,” ते बॅटरीला होतं. लाइट दहाव्या मिनिटाला आली. संध्याकाळी बॅटरीने आजारपणाचा अर्ज दिला. आईने तो मंजूर केला आणि शेरा मारला, ‘उल्लेखनीय कामगिरी.’

रविवारी चारला आई इस्त्रीची साडी नेसून बसली. ती बोलायची, मी टाइप करायचो. लिनक्स पेनड्राइव्हमध्येच होता, त्याला पाहुणा म्हणून बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती.

हजेरी झाली. वायफाय, माइक, कॅमेरा, स्पीकर गैरहजर. बॅटरी आजारी. डीव्हीडी ड्राइव्हचं दार तीन वर्षांपासून अडकलेलं, त्यामुळे तो कुठल्याच सभेला येत नाही. सेल मृत असला तरी जागेवर होता, आणि उपविधीत तेवढंच लागतं. हजर नऊ. गणसंख्या दहा.

वायफायची ओळ आली. ‘गणसंख्या नाही. सभा रद्द. सर्वांनी घरी जावं. जय महाराष्ट्र.’

मी कीबोर्डवरून हात काढले. “गेलं, आई.”

“काय गेलं?”

“एक कमी पडला. परत नोटीस, परत तीन दिवस. उद्या दहाला मी काय दाखवू, हा दगड?”

कीबोर्डने मधेच छापलं, ‘शब्द जपून वापरा.’

आईने नोटीस पुढे सरकवली. “नोटिशीची शेवटची ओळ वाच.”

ती ओळ इतकी बारीक होती की भिंग घ्यावं लागलं. ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही.’

“रद्द नाही झाली, तहकूब झालीय,” आई म्हणाली. “चहा टाक.”

अर्धा तास आम्ही चहा प्यायलो. मी घड्याळाकडे बघत होतो, आई वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होती. साडेचारला तिने कप खाली ठेवला.

मागील सभेचं इतिवृत्त हार्डडिस्कने वाचून दाखवलं. खरखर करत, दर दोन ओळींनी थांबून. कोणी घाई केली नाही, वय झालंय. मग अर्जदाराला बोलावलं.

टचपॅडने विचारलं, ‘नवीन आला की मला उलटं चालवतो, असं ऐकलंय. मी वर सरकवलं की पान खाली.’

लिनक्स म्हणाला, ‘सेटिंगमध्ये बदलता येतं.’

पंखा म्हणाला, ‘जुन्याने मला अकरा वर्षं पळवलं. दुपारी दोनलासुद्धा.’

‘मी हलका आहे. मला जागा कमी लागते. तुम्ही बसून काम करा.’

पंख्याने तिथेच ठराव मांडला. अनुमोदन डाव्या रॅमचं. उजव्या रॅमने आपलंही नाव घालावं असा आग्रह धरला, घातलं. ठराव सर्वानुमते मंजूर. लिनक्स पेनड्राइव्हमधून उठून आत राहायला गेला. त्याला एकवीस मिनिटं लागली.

सगळं सुरू झालं, पण वायफाय तसाच. ओळ आली, ‘ठराव तुमचा. मी नाही चालणार. ठरावाने नेट चालतं का, बघू.’

माइक, कॅमेरा, स्पीकर त्याच्या मागे बंदच.

आईने वही पुढे ओढली. “विषय क्रमांक सहा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.”

प्रोसेसरने परवानगी दिली.

“एक सभासद अकरा वर्षं या घरात आहे,” आई सावकाश सांगत होती, मी टाइप करत होतो. “नेट चाललं की सगळे सिस्टीमचं कौतुक करायचे, बंद पडलं की याला शिव्या घालायचे. त्याला नुसतं ‘वायफाय’ म्हणतात. ते त्याचं नाव नाही, ते त्याचं काम आहे. सभासद नोंदवहीत त्याचं नाव पूर्ण लिहावं, अशी सूचना मी मांडते.” तिने भिंग धरलं आणि वहीतून वाचलं. “डब्ल्यू एन चार हजार तीनशे सतरा, आवृत्ती ब, राहणार छोटा स्लॉट क्रमांक दोन.”

पंखा फिरायचा थांबला.

‘आवृत्ती ब लिहिलंत?’

“अधोरेखित करून,” आई म्हणाली.

‘सगळे अ समजतात.’

“दोन्ही वेगळे आहेत, मला माहितीय.”

पुढची ओळ आली. ‘बाई, तुमचं नाव काय?’

आईने पेनाचं टोपण लावलं. “कुंदा सर्जेराव पिसाळ.”

‘लिहून घेतलं.’

त्या पूर्ण नावाने मी फोनवर त्याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, शोधला. चाळीस लाखांऐवजी एकच उत्तर आलं, आणि ते बरोबर होतं. फोन केबलने जोडून उतरवून घेतला. वायफायचा निळा दिवा लागला, मग माइक, मग स्पीकर. कॅमेऱ्याने डोळा उघडला तेव्हा समोर आई होती. चार वर्षांत इतका स्वच्छ फोटो त्याने काढला नव्हता.

सभेनंतर अल्पोपहार म्हणून आईने मऊ ब्रशने प्रत्येकाची धूळ काढली आणि एकेक फुंकर दिली. बॅटरीला दोन.

सोमवारी दहाला इंटरव्ह्यू सुरू झाला. पलीकडे कुलकर्णी आडनावाचे एक साहेब होते. काम दाखवून झालं, मग त्यांनी विचारलं, “अलीकडे हार्डवेअरची एखादी अडचण आली होती? कशी सोडवलीत?”

“तहकूब सभा घेतली, सर.”

त्यांनी मान वर केली. “नोटीस किती दिवसांची?”

“तीन. हातोहात, पोचसह. एकाने नाकारली, ती दारावर डकवली.”

“साक्षीदार?”

“पंखा.”

साहेबांनी लिहून घेतलं. खुर्चीत मागे टेकले. “आमच्या सर्व्हररूममध्ये चार महिने गणसंख्या होत नाहीये. सचिव कोण होतं तुमचं?”

मी लॅपटॉप स्वयंपाकघराकडे वळवला. आई मेथी निवडत होती. कॅमेऱ्याने आपण होऊन फोकस केला.

बुधवारी सर्व्हररूमच्या सचिवपदाच्या नेमणुकीचं पत्र आलं. वर लिहिलं होतं, ‘श्रीमती कुंदा सर्जेराव पिसाळ यांस’. खाली दुसऱ्या परिच्छेदात माझंही नाव होतं, सहायक म्हणून. पोच गोळा करायचं काम माझ्याकडे आहे. आई कडक आहे. परवा मी एका सर्व्हरची सही राहिली म्हणून पुण्याच्या त्या सर्व्हररूमला परत जाऊन आलो.

वायफायने नाव लिहून घेतलं होतं ते नुसतं वहीत ठेवलं नाही. आता कृष्णाई अपार्टमेंटमध्ये कोणीही नेट शोधलं की यादीत पहिलं येतं, ‘कुंदा सर्जेराव पिसाळ’, पूर्ण रेंजमध्ये, पाचव्या मजल्यापासून पार्किंगपर्यंत.

रविवारी निकमकाका जिन्यात भेटले.

“पिसाळबाई, तुमचं नाव आमच्या टीव्हीवर येतं.”

“सगळ्यांच्याच येतं,” आई म्हणाली.

“काढता येईल का?”

“सभा बोलवा. चौदा दिवसांची नोटीस काढा. आणि तारीख नीट टाका.”

निकमकाकांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, “सर्जेरावमधला रफार कुठे येतो हो?”

आईने त्यांना लिहून दाखवलं.