गुलखैऱ्याची पाठवणी

गुलखैऱ्याचं एक रोप मागायला मी लालचंदसेठांकडे गेलो, तर रोप राहिलं बाजूला. ते जोडे घालून आधी माझं अंगण बघायलाच निघाले.

"ऊन कितीक वेळ ऱ्हातं? पानी घरचं का आडाचं? शेळी न्हाई ना बांधत?"

मी मस्तगडातला शाळामास्तर. सेठजींचं घर बाजाराच्या गल्लीपलीकडे. कापडाचं दुकान, घरात एकटे, धर्मानं जैन. जीव दुखवायचा नाही, हे त्यांच्या धर्मातलं आम्हाला ठाऊक होतं. सेठजींनी त्याला स्वतःची पुरवणी जोडली होती: उगवलेलं रोप उपटायचं नाही. हैदराबादेहून कुणीतरी आणून दिलेल्या चपट्या बिया त्यांनी पोळा झाल्यावर हातभर वाफ्यात टाकल्या आणि झाडून साऱ्या उगवल्या. दाट रोपं विरळ करावी लागतात, हे सांगून माळी दमला.

"कोनाला ठिवू अन् कोनाला मारू? तूच सांग!" असं सेठजींनी विचारलं, तेव्हा तो खुरपं उचलून घरी गेला.

मग जास्तीची रोपं घरोघर द्यायचं ठरलं. तेही पारखून. निजामाच्या पोलिसातल्या अमीनसाहेबांचा गावात केवढा दरारा! पण त्यांनाही सेठजींनी हात जोडून नकार दिला. "हुजूर, आपल्याकडं बकऱ्या हायेत." दिलेल्या रोपांना भेटायला ते आठवड्याला निघत, मातीत बोट खुपसून बघत आणि घरच्या बाईला सुनावत, "वैनी, पोर सुकून राह्यली. पानी घाला बराबर." सेठजी लेकींच्या सासरी निघाले, म्हणून आम्ही हसायचो.

माझं रोप आठ दिवसांत मान टाकू लागलं. दोष माझाच, शाळेच्या तपासणीच्या धांदलीत पाणी राहून गेलं. सेठजी भरदुपारी आले, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, मी हिला घिऊन चाललो."

मला चेष्टा सुचली. "सेठजी, दिलेली पोर परत नेतात का कुठं? लोक काय म्हणतील?"

ते ओट्यावर बसले.

"मी बी हेच म्हनलं व्हतं, मास्तर. माझी सोनी परतूरला दिल्ती. मोठं घर, म्हनून बघायला बी गेल्तो न्हाई. दोन डाव तिचा निरोप आल्ता, बापूजी, मला घिऊन चला. मी म्हनलं, लोक काय म्हंतील. मंग तिसरा निरोप आला, तो तिच्या सासऱ्याचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माती भिजवली आणि मुळाला धक्का न लावता ढेकळासकट रोप त्यांच्या तळहातावर ठेवलं.

आश्विनातलं ऊन चटके देत होतं आणि वाट भर बाजारातून होती. इतक्या वर्षांत सेठजींना मी उघड्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पगडी उतरवली, दुसऱ्या हातानं ती रोपावर आडोशाला धरली आणि तसेच बोडके बाजारातून चालू लागले.