पाल्याचा पिझ्झा आणि सासूबाईंचं नाक

"पाणीसुद्धा हल्ली पूर्वीसारखं लागत नाही बाई!"

सासूबाई पुटपुटल्या. माझ्याशी नाही, हातातल्या पेल्याशी. पण ओट्यापाशी आम्ही दोघी इतक्या खेटून उभ्या होतो, की ती कुरकुर पेल्याच्या आधी माझ्याच कानात शिरली.

पाण्याला पूर्वी तरी कसली चव होती, असं दुसऱ्या कोणी फटकन विचारलं असतं. मी नाही विचारलं. सासूबाई म्हणजे काही साधंसुधं नाक नव्हे! बिस्किटांच्या कारखान्यात चौतीस वर्षं चव तपासायच्या त्या. भट्टीतून आलेलं बिस्कीट नाकाशी धरायचं आणि निकाल द्यायचा, "लोणी कालचं आहे." चौकशीत लोणी कालचंच निघायचं! लग्नानंतर पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या होत्या, "प्रवासात संत्रं खाल्लंस. आंबट होतं." मी त्या दिवसापासून चोरून खाणं सोडलं.

आणि गेले चार महिने याच नाकाशेजारी दूध करपत होतं. एकदा नाही, तीनदा! मी पाहिलं, नवऱ्याने पाहिलं, लेकीने पाहिलं. बोललं मात्र कोणी नाही. म्हाताऱ्या पहिलवानाला जाऊन कोण सांगणार, की बाबा, तुझे दंड गेले? निवृत्त झाल्या तरी कारखाना त्यांनाच विचारायचा; तिथून आलेलं पाकीट फळीवर तीन आठवडे पडून होतं. आत नव्या बिस्किटाचा नमुना आणि चिठ्ठी : 'बाई, तुमच्या शब्दाशिवाय भट्टी लावणार नाही.' सासूबाई रोज ते पाकीट फडक्याने पुसायच्या आणि न उघडता परत फळीवर ठेवायच्या.

मग मीच ठरवलं, छडा लावायचा! तोही कोणाचं मन न दुखावता. मला कोणी गुरू नाही; स्वयंपाक मी पुस्तकं आणि चटके यांच्याकडून शिकले. पण डोकं आहे!

माझ्या गॅलरीत अकरा डबे आहेत. त्यांत बाजारात मिळणारा आणि न मिळणारा पाला उगवतो. बीटची पानं, कोबीच्या जातीचं कुरळं केल, आंबट चुका, मुळ्यासारखं झणझणीत रॉकेट, मोहरीची लाल पानं, आणि छत्रीसारख्या गोल पानांचं नॅस्टर्शियम, जे चावलं की मिरी चावल्यासारखं वाटतं. योजना अशी : पिझ्झ्याचे सहा तुकडे, प्रत्येकावर एकच पान, वर चीज. डोळ्यांचे डॉक्टर अक्षरं लहान लहान करत नेतात ना? तसं मी पान जहाल जहाल करत नेणार, आणि कुठल्या तुकड्याला सासूबाईंची भुवई हलते ते बघणार. आहे की नाही शास्त्रीय!

पीठ मळलं, फुगायला ठेवलं. सहा वाडग्यांत सहा पाले, प्रत्येकात चिठ्ठी. दहा मिनिटं गॅलरीत जाऊन आले, तर वाडगे पालथे!

"अहो! पाला कुठाय?"

"धुऊन ठेवला," नवरा अभिमानाने म्हणाला. "सगळा एका घमेल्यात. एक अळी होती, ती खाली सोडून आलो."

हा माणूस घड्याळं दुरुस्त करतो. तिळाएवढे चाळीस स्क्रू चाळीस ठिकाणी नीट ठेवतो. पण पाला म्हटला की सगळा एक!

"अहो, वेगवेगळे होते ते!"

"वेगवेगळे? सगळे हिरवेच तर होते!"

"लालसुद्धा होते!"

"मला वाटलं, ते पिकलेत."

बरं, बीट आणि केल डोळ्यांनी ओळखता आलं असतं. पण नवऱ्याने पाणी निथळावं म्हणून सगळं पिळून ठेवलं होतं! आता घमेल्यात नुसता हिरवा चोथा. मग मी तो चिमूट चिमूट चाखून वेगळा करायला बसले. पहिल्या पाच चिमटींपर्यंत मी पंडित होते. दहाव्या चिमटीला जीभ दात काढल्यावर होते तशी बधिर झाली. विसाव्या चिमटीला रॉकेट आणि रद्दी यांतला फरक कळेना!

शेवटी सगळंच्या सगळं पिझ्झ्यावर घातलं. डोंगर झाला. डोंगर दिसू नये म्हणून त्यावर चीज. ओव्हनमध्ये ढकललं, बाजूला कांदे सोलत बसलेल्या सासूबाईंना म्हटलं, "आई, जरा लक्ष असू द्या," आणि जिभेवर बर्फ धरून गॅलरीत उभी राहिले.

"आई! जळतंय काहीतरी!" बाहेरच्या खोलीतून लेक ओरडली.

तिघं तीन दिशांनी धावलो. स्वयंपाकघरात हा धूर! आणि धुराच्या मधोमध सासूबाई शांतपणे कांदा सोलतायत. पाठ ओव्हनकडे, डोळ्यांतल्या पाण्याचा आळ कांद्यावर.

"काय झालं? धावताय कशाला सगळे?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"काही नाही आई," नवरा म्हणाला. "व्यायाम."

सासूबाईंनी मान वळवली. धूर पाहिला. मग आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कांद्याकडे. हात मात्र थांबला होता.

मी खालचा कोळसा खरवडला, वर आणखी चीज घातलं आणि पिझ्झा टेबलावर आणला. सगळे बसलो.

लेकीने पहिला घास घेतला. डोळे भरून आले. "आई... फार... हिरवा झालाय!"

नवऱ्याला उचकी लागली. तीन पेले पाणी पिऊन म्हणाला, "पौष्टिक!"

सासूबाईंनी तुकडा तोंडात घातला. चावला. थांबल्या. डोळे मिटले. मला घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. दुसरा घास. तिसरा. तुकडा संपला, त्यांनी दुसरा उचलला. तिसराही! नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि बाई खातायत!

"आई, काय लागतंय?" मला राहवेना.

"चावतंय!" त्या म्हणाल्या. "जिभेला चावतंय, नाकात झिणझिण्या येतायत. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी कळलं गं!"

त्या उठल्या. फळीवरचं पाकीट आणून माझ्यासमोर ठेवलं.

"मला वास येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "सर्दी झाली होती ना, तेव्हापासून. तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. व्यायाम म्हणे! उद्या डॉक्टरकडे घेऊन चल. आणि कारखाना खोळंबलाय, तेव्हा आता हे तू खा. तू सांग, मी लिहून पाठवते."

चौतीस वर्षांचं नाक त्यांनी माझ्या हवाली केलं! मी पाकीट फोडलं, बिस्किटाचा तुकडा जिभेवर ठेवला. सासूबाई पेन उघडून बसल्या.

"हं. लोणी?"

मी चावलं. पुन्हा चावलं. तिघंही माझ्या तोंडाकडे बघतायत.

"आई," मी हळूच म्हटलं, "मला पण काहीच लागत नाहीये."

नवऱ्याने घसा खाकरला.

"आता सगळं उघड बोलायचंच ठरलंय, तर सांगून टाकतो," तो म्हणाला. "पिझ्झा भयंकर झालाय!"