काठावरचं नाव

सासऱ्यांना सव्वीस जानेवारीला तलासरीच्या शाळेत पाहुणे म्हणून आणलं, तर दर्शनला मिळणार होती एक खुर्ची. मंचावरची, गादीवाली. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत त्यानं मंचावर खुर्च्या मांडल्या होत्या. बसायचा योग काही आला नव्हता. शिवाय फोटो, आणि बायकोचा, श्रुतिकाचा, निदान होळीपर्यंत टिकेल असा खूश चेहरा.

सासरे काशीनाथ आशागडला राहत. एकाहत्तरची लढाई लढलेले. पण विचारलं, तर बोलत फक्त तिथल्या थंडीबद्दल.

"येईन," ते म्हणाले. "पण बाबल्या पण पाहिजे."

बाबल्या तलासरीजवळच्या पाड्यावरचा, फौजेतल्या त्यांच्या कंपनीचा स्वयंपाकी. त्याचं लढाईचं पदक झोपडीच्या आगीत गेलं होतं. दुसरं मागायला गेला, तर पदक मिळाल्याचा पुरावा म्हणून साहेबानं त्याच्याकडे पदकच मागितलं.

"त्यांना खाली पहिल्या रांगेत बसवू," दर्शन घाईघाईनं म्हणाला.

काशीनाथांनी ट्रंकेतून आपलं पदक काढलं. ते पार काळवंडलं होतं.

"अहो, हे फोटोत कसं दिसेल?" श्रुतिका म्हणाली. "जरा उजळून आणा ना."

दर्शननं ते डहाणूला रोशनकडे नेलं. रोशन त्याचा शाळासोबती, दागिन्यांचे डाय, म्हणजे छापायचे पोलादी ठसे, कोरणारा. त्यानं पदक भिंगाखाली धरलं आणि मानच वर करेना.

"काय डाय आहे यार! सिंहाची आयाळ बघ. हे कोरणाऱ्याच्या पाया पडलं पाहिजे. ठेवून जा, आणि पैशाचं नाव काढलंस तर याद राख!"

दुसऱ्या दिवशी पदक असं झळकत होतं की दर्शनला त्यात आपली खुर्ची दिसली.

"कडेला बारीक ओरखडे होते, तेही उडवले," रोशन म्हणाला. "आपल्या धंद्यात काठ साफच लागतो."

काशीनाथांनी पदकाकडे पाहिलंही नाही. अंगठा काठावरून फिरवला. पुन्हा फिरवला.

"माझं नाव कुठाय?"

"नाव?"

"पुढचा छापा सगळ्यांना सारखाच असतो, जावईबापू. जनरलला तोच, स्वयंपाक्याला तोच. पदक कोणाचं, ते काठावर कोरतात."

श्रुतिकानं नवऱ्याकडे असं पाहिलं की होळी तिथेच पेटली. रोशन तर फोनवर रडायच्या बेतात आला. "काका, आत्ता येतो, परत कोरून देतो!"

"नको," काशीनाथ म्हणाले. "राहू दे तसंच."

सव्वीस तारखेला ते आले, पण छाती मोकळी. मंचावर शेजारी बसलेल्या दर्शनला गादी टोचू लागली. मुख्याध्यापकांनी नाव पुकारलं, तसे काशीनाथ उठले ते थेट खाली उतरले, बाबल्यासमोर उभे राहिले आणि खिशातून पदक काढून त्याच्या सदऱ्याला लावू लागले.

"ए, ह्या तुझा हाय!" बाबल्या मागे सरला.

"माझं नाव दाखव त्याच्यावर."

बाबल्यानं पदक फिरवून फिरवून पाहिलं.

"केव्हापासून द्यायचं होतं रे. नाव आड येत होतं," काशीनाथ म्हणाले. "गोळीबारात रांगत येऊन गरम भाकरी द्यायचास. त्याच्यावर आम्ही लढलो. चल वर."

टाळ्या थांबेनात. मंचावर मात्र खुर्ची कमी पडली. कोणी काही बोलायच्या आत दर्शन उठला, आपल्या रुमालानं गादी झटकली आणि बाबल्याला हाताला धरून बसवलं.

तेव्हा रोशनची मेहनत गेली, काशीनाथांचं नाव गेलं आणि खुर्ची दर्शनची गेली. फोटोत त्याचं नुसतं कोपर आलं. श्रुतिकानं तो फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात लावला आहे, आणि येईल त्याला आधी ते कोपर दाखवते.