उत्कर्षाचा स्थानिक पालक

बारामतीत माझ्या ओळखीची पन्नास तरी माणसं आहेत! हे वाक्य मी चौऱ्याण्णव सालच्या जुलै महिन्यात, कळंबला आमच्या ओट्यावर बसून, चार बायकांच्या देखत बोलले. नुसती बोलले नाही, वर मांडीवर थापही मारली.

आणि ते खोटं नव्हतं. तोवर बावीस वर्षं मी कीर्तनं ऐकत आले होते. कुठं सप्ताह बसला की कौसल्या हजर! इंदापूर तालुक्यात असा मांडव नसेल, ज्याच्या खांबाला टेकून मी पदरानं डोळे पुसले नाहीत. बुवांनी अभंगाचं पहिलं चरण म्हटलं की दुसरं माझ्या तोंडातून आधी बाहेर पडतं. बुवांना ते आवडत नाही, पण प्रेमच एवढं, त्याला मी काय करू?

तर सांगायचं म्हणजे, आमची उत्कर्षा बारावी झाली आणि बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला तिचा नंबर लागला. घरातलं पहिलं माणूस कॉलेजला! पोरीनं दोनशे पानी वहीत प्रश्न लिहून काढले. गादी घरून न्यायची की वसतिगृहात मिळते? फोटो किती लागतात? दाखल्याच्या झेरॉक्सवर शिक्का कुणाचा चालतो? मेसमध्ये भाकरी असते का? रॅगिंग किती वाजता असतं आणि त्याला काय घालून जायचं? असे एकेचाळीस प्रश्न.

मी पाट मांडून बसले. म्हटलं, विचार आता. पोरगी वही घेऊन उठली आणि गेली शेजारी बानूबाईकडं!

का? तर बानूचा रविराज आदल्या वर्षीच त्या कॉलेजात गेला होता. बस्स! तेवढ्यावर बानू अख्ख्या आळीची कुलगुरू झाली होती. तिच्या सासऱ्यांच्या काळात त्यांची मेंढरं होती, आता दोन एकर ऊस. बानू स्वतः चौथी पास. पण ओट्यावर बसून अशी उत्तरं द्यायची, जणू कॉलेजच्या पायाचा नारळ तिनंच फोडलाय!

"गादी नगं न्यायला. पातळ गोधडी ने. खाटा लोखंडी हायत, तितं जाड गादी घसरती," ती म्हणायची.

"व्हय का काकू?" असं म्हणून माझी पोर लिहून घ्यायची. लिहून घ्यायची! मी अठरा वर्षं सांगत आले, त्यातला एक शब्द तिनं कधी कागदावर उतरवला नव्हता. माझ्या पोटात असं जळायला लागलं की वर तवा ठेवला असता तर दोन भाकऱ्या भाजून निघाल्या असत्या!

त्यात आला तो फॉर्म. मुलींच्या वसतिगृहाचा. त्यावर एक रकाना होता, 'स्थानिक पालक'. म्हणजे बारामतीत राहणारं, अडीअडचणीला धावून येणारं माणूस. त्याचं नाव, पत्ता, सही. शिवाय रेक्टरबाईंच्या समोर आई किंवा वडलांची सही. शेवटची तारीख शनिवार, संध्याकाळी पाच. जागा उरल्या होत्या तीन.

बानू लगेच म्हणाली, "त्यात काय? माझा भाऊ जयवंता हाय की बारामतीत. शिलाई मशिनीचं दुकान हाय त्याचं. करंल सही."

"मग जयवंतामामांचंच नाव लिहिते," उत्कर्षा म्हणाली.

मामा! अजून तोंड बघितलं नव्हतं, तोवर मामा झाला!

"खबरदार!" मी म्हटलं. "बारामतीत माझ्या ओळखीची पन्नास तरी माणसं हायत!"

तीच ती थाप. मांडी दोन दिवस दुखत होती.

शनिवारी आमचे हे कारखान्यावर पाळीला गेलेले. मी आणि उत्कर्षा एसटीत बसलो. आणि पाठोपाठ, रविराजचा डबा घेऊन, बानू! मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर ऊसच ऊस. तोही मला हिरवा वाटेना.

बारामती स्टँडवर उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. उत्कर्षानं विचारलं, "आई, आता कुणाकडं जायचं?"

"माऊलींकडं."

"कोण माऊली?"

"अगं, ते न्हाय का, टाळ वाजवत्यात, कपाळाला गंध, पांढरी टोपी. दर सप्ताहात मला म्हणत्यात, 'माऊली, बारामतीला या, घर आपलंच हाय.'"

"त्यांचं नाव काय?"

"माऊली!" मी म्हटलं.

वाचकहो, तुम्ही कीर्तनाला जात असाल तर माझी अडचण तुम्हाला कळेल. आमच्यात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. समोर आला तो माऊली. तो आपल्या पाया पडतो, आपण त्याच्या पडतो. एकमेकांच्या पंक्तीला बसतो, एकमेकांसाठी रडतो, आणि जाताना 'येतो माऊली' म्हणून निघतो. बावीस वर्षांत मी आडनाव म्हणून एकाचं विचारलं नव्हतं! माझी पन्नास माणसं होती, आणि पन्नासही माऊली होती!

बानूनं नुसती डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्याचाच मला जास्त राग आला.

"चला," मी म्हटलं. "देवळांत विचारू."

पहिल्या देवळात पुजाऱ्याला विचारलं, "माऊली हितंच राहत्यात का?"

"कोणते?"

"टाळ वाजवणारे. गंध लावणारे. पांढरी टोपी."

पुजाऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग मंडपात बसलेल्या नऊ म्हाताऱ्यांकडं बोट दाखवलं. नवांच्याही डोक्यावर पांढरी टोपी! नवांनीही एकदम हात जोडून म्हटलं, "या माऊली!"

दुसऱ्या देवळात तेच. तिसऱ्या देवळात तर एकानं मलाच विचारलं, "माऊली, तुमी हितल्याच ना? मला एक खोली बघायची होती भाड्यानं."

दोन वाजले. उत्कर्षाचा चेहरा वाळलेल्या लिंबासारखा झाला. ती हळूच म्हणाली, "आई, जयवंतामामांचं दुकान इथून जवळच आहे."

"लांब असंल," मी म्हटलं.

एवढ्यात एका बोळातून लाउडस्पीकरवर नामाचा गजर कानावर आला. माझे पाय आपोआप तिकडं वळले. तिथं सप्ताह बसला होता! दुपारची वेळ, मांडवात शुकशुकाट. आणि मध्ये वीणा गळ्यात घालून उभे कोण? माझे माऊली! तेच गंध, तीच टोपी, पुढचा एक दात नसलेला तोच गोड चेहरा!

"बघ!" मी बानूकडं वळून म्हटलं. अशा ठसक्यात म्हटलं की विचारू नका!

मी त्यांच्या पाया पडले. फॉर्म पुढं केला, सगळं सांगितलं.

"आनंदानं करतो की सही!" ते म्हणाले. "पण हाताला सवड कुठं हाय, माऊली?"

खरंच होतं. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की थेट दुसऱ्याच्या गळ्यात. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, आणि तिसरा येईपर्यंत जागचा हलत नाही.

"द्या हिकडं," मी म्हटलं. "सही होईस्तोवर मी धरते. बाईमाणसानं धरली तर चालती ना?"

"वीणेचा दुपारचा पहारा आमच्याकडं बायाच करत्यात. भाग्य तुमचं!"

वीणा माझ्या गळ्यात आली. माझे डोळेच भरून आले! मी डोळे मिटून 'रामकृष्णहरी' सुरू केलं. डोळे उघडले तेव्हा माऊली नव्हते. फॉर्मही नव्हता.

"उत्कर्षा! कुठं गेले गं?"

"पेन शोधायला म्हणून मागं गेले."

उत्कर्षा मागं पळाली. मी उभी. तार छेडतेय, नाम घेतेय, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतेय. अडीच. पावणेतीन. घड्याळाचा काटा टाळ्या वाजवत धावत होता!

पोरगी परत आली ती रडवेली.

"आई, ते जेवायला बसलेत. सकाळपासून उपाशी होते म्हणे. त्यांना वाटतंय तू पहाऱ्याचीच आहेस!"

"आणि सही?"

"केलीय."

"मग रडतीस कशाला?"

तिनं फॉर्म माझ्या डोळ्यांसमोर धरला. स्थानिक पालकाच्या रकान्यात सुंदर अक्षरात लिहिलं होतं: गेणबा तात्याबा, मुक्काम पोस्ट निरवांगी, तालुका इंदापूर.

निरवांगी! आमच्या कळंबच्या पलीकडचं निरवांगी! ते माझ्यासारखेच सप्ताहाला आलेले! अहो, मग 'बारामतीला या, घर आपलंच हाय' म्हणजे काय? तर पोरीनं तेही विचारलं होतं. माऊली भात कालवत म्हणाले होते, "देवाच्या दारी सगळीच घरं आपली!"

मी वीणा धरून उभी. काय करणार? डोळ्यांतून पाणी, तोंडात नाम. समोरून जाणारी एक म्हातारी थांबली आणि माझ्या भक्तीला दोन वेळा हात जोडून गेली.

मग बानू पुढं आली. सकाळपासून पहिल्यांदा तिनं तोंड उघडलं.

"वैनी, वीणा काय मला जमायची न्हाय. आमी जाऊन नवा फॉर्म घेतो. जयवंताची सही घेतो. तुमी या मागनं."

मला 'नको' म्हणायचं होतं. पण 'नको' म्हणायला नाम थांबवावं लागलं असतं. मी नुसती मान हलवली. कुठल्या दिशेला हलवली, ते मलाही नीट आठवत नाही. दोघी पळाल्या.

माऊली जेवले. मग खांबाला टेकून झोपले! मी डोळ्यांनी हाका मारल्या, त्या त्यांना ऐकू गेल्या नाहीत. पावणेपाच झाले, पाच वाजले. शनिवार बुडाला, जागा गेली, पोरगी घरी बसली, असं सगळं चित्र माझ्यापुढं उभं राहिलं. आणि त्याला कारण कोण? माझी थाप!

साडेपाचला दोघी आल्या. उत्कर्षा हसत होती.

"आई, मिळाली! शेवटची जागा!"

बानूनं आधी तांब्या माझ्या तोंडाला लावला. माझे दोन्ही हात गुंतलेले, तिनं बाळाला पाजावं तसं मला पाणी पाजलं. त्या घोटाबरोबर माझा अर्धा मत्सर खाली उतरला, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात माऊली जागे झाले, माझ्या पाया पडले आणि वीणा घेतली. खांदा दगडासारखा झाला होता.

मांडवाबाहेर आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

"थांबा! रेक्टरबाईंच्या समोर आईची सही लागत होती ना? ती कुणी केली?"

दोघी जमिनीकडं बघायला लागल्या.

"आई, पाचाला पाच कमी होते," उत्कर्षा म्हणाली. "रेक्टरबाई कुलूप हातात घेऊन उभ्या. म्हणाल्या, आई कुठं आहे? आता आई देवळात वीणा घेऊन उभी आहे, हलता येत नाही, हे त्यांना कसं पटवू? मग त्यांनीच काकूंकडं बघून विचारलं, ह्याच ना आई?"

"मग?"

"मी गप्प बसले."

"आणि तू गं?"

बानू पदराशी चाळा करत म्हणाली, "मी कौसल्या म्हणून सही केली, वैनी. 'सल्या' दोनदा गिरवावं लागलं."

जागा वाचली होती. पोरीचं कॉलेज वाचलं होतं. एसटीत मी बानूशेजारी बसले. पण खिडकी मात्र मीच घेतली.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी मी आणि बानू पोरीला भेटायला गेलो. तूप घालून केलेले शेंगदाण्याचे लाडू, लसणाची चटणी, सगळं माझ्या हातचं. दारातच रेक्टरबाई उभ्या.

"या या, कौसल्याबाई!" त्या बानूला म्हणाल्या. "मुलीला फार छान वळण लावलंय हो तुम्ही! आणि ह्या कोण?"

बानूनं माझ्याकडं बघितलं. वर जिन्यातून उत्कर्षानं बघितलं. पोरीचे दोन्ही हात जोडलेले, देवासमोर जोडतात तसे.

रेक्टरबाईंनी भेटीची वही माझ्यापुढं सरकवली. मी पेन उचललं आणि मुकाट्यानं लिहिलं.

नाव: बानूबाई. नातं: आईची शेजारीण.