कॅप्टनचा भाव

मंगळवारी सकाळी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार शाखेवर जो आघात झाला, त्याचा पाण्याशी काही संबंध नव्हता. लाल फुटबॉल क्लबचा दहा नंबरचा खेळाडू, ज्याने वर्षानुवर्षं छातीवरच्या बिल्ल्याचं चुंबन घेऊन 'हेच माझं घर' म्हटलं होतं, तो निळ्या क्लबात गेला होता. बातमी कळल्यापासून शाखेच्या वरिष्ठ लिपिकांना कामाला हात लावणं शक्य झालं नव्हतं. नागरिक तक्रारी घेऊन आले आणि तसेच परत गेले. नेहमीपेक्षा यात वेगळं काय झालं, हे नागरिकांना सांगता आलं नसतं; वरिष्ठ लिपिकांना मात्र आतून फार फरक जाणवत होता.

त्यांना सगळं कार्यालय कॅप्टन म्हणे. शाळेत एका सामन्यापुरते ते वर्गाच्या संघाचे कप्तान होते. त्या सामन्यातला एकमेव गोल त्यांनीच केला होता आणि तो स्वतःच्या संघावर केला होता. पण हे ठाऊक असलेला सहकारी केव्हाच बदलून दुसरीकडे गेला, आणि मागे पदवी तेवढी उरली. लाल क्लबचं मैदान इथून समुद्रापलीकडे. कॅप्टननी ते पाहिलेलं नव्हतं आणि क्लबलाही कॅप्टनची खबर नव्हती. तरी बोलताना ते 'आपण' म्हणत. आपल्याला मागच्या फळीत एक दांडगा माणूस हवा. आपण यंदा फार पैसे उधळले. घरातल्या गळक्या नळाबद्दल बायकोशी बोलताना मात्र ते 'तुझा नळ' म्हणत.

"गद्दार," कॅप्टन चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "निष्ठा म्हणून काही असते की नाही?"

समोर लेखा शाखेचे लेखापाल बसले होते. तेही लालवालेच, पण त्यांचं प्रेम क्लबच्या ताळेबंदावर होतं. सामना ते बघत नसत. ताळेबंद दोनदा वाचत.

"क्लब कर्जात आहे," लेखापाल म्हणाले. "त्याचा पगार परवडत नाही. आणि हा जो व्यवहार झालाय ना, त्यात एक गंमत आहे..."

"पगार, कर्ज, व्यवहार. तुम्हाला दुसरं काही दिसतच नाही. मला बघा. नोकरीला लागल्यापासून हे एकच टेबल. हलवून दाखवा म्हणावं कुणी."

हे खरं होतं. मध्ये तीनदा त्यांच्या बदलीचे आदेश निघाले होते. तिन्ही वेळा त्यांची कंबर एकाएकी धरली, डॉक्टरांचा दाखला सादर झाला आणि आदेश रद्द झाल्याच्या संध्याकाळी कंबर सुटली. याला कॅप्टन निष्ठा म्हणत.

"सर, या तक्रारींवर सही हवी होती," पलीकडच्या टेबलावरून टायपिस्टबाई म्हणाल्या. शाखेचं जे काही काम होई ते त्यांच्याकडून होई, त्यामुळे त्यांना वादात भाग घ्यायला सवड नसे.

"आजच्या दिवशी?" कॅप्टननी विचारलं. बाईंनी कागद परत ओढून घेतले.

नव्या कार्यालयप्रमुख मॅडम दारात केव्हा येऊन उभ्या राहिल्या, ते कोणाला कळलं नाही. सगळे उठले. मॅडम रागावल्या नाहीत. त्या नुकत्याच व्यवस्थापनाचं मोठं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या आणि त्यांना प्रत्येक गोष्टीतून काहीतरी शिकायचं होतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "मला एक सांगा, तिकडे माणसाची किंमत कोण ठरवतं?"

कॅप्टननी अर्धा तास सांगितलं. वर्षातून ठरावीक काळ बदल्यांची खिडकी उघडते. ज्याला जो हवा, तो त्याच्यासाठी बोली लावतो. काही खेळाडू उसने देतात, म्हणजे आपल्या भाषेत प्रतिनियुक्ती. मॅडम वहीत लिहून घेत होत्या.

"आणि आपल्याकडे काय होतं?"

"आपल्याकडे आदेश निघतो आणि माणसं आजारी पडतात," लेखापाल म्हणाले.

त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं. विषय : अंतर्गत बदली खिडकी उघडणेबाबत. उपरोक्त विषयान्वये सर्व शाखांना कळविण्यात येते की, प्रत्येक शाखेने आपणास हवे असलेले व नको असलेले कर्मचारी निश्चित करून आपसांत वाटाघाटी कराव्यात. खिडकी महिनाअखेर बंद होईल.

परिपत्रकाची एक प्रत सूचनाफलकावर लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी चार नंबरच्या खिडकीसमोर रांग फाटकाबाहेर गेली. कार्यालयाची एखादी खिडकी उघडणार आहे, हे लेखी स्वरूपात नागरिक प्रथमच वाचत होते. आतल्या लिपिकाला कसली खिडकी, कसली बदली, काही माहीत नव्हतं. पण आलेला कागद परत करायला कारण द्यावं लागतं, आणि कारण द्यायचं म्हणजे टिप्पणी लिहावी लागते, म्हणून त्याने सगळे अर्ज घेतले. एका आजोबांनी जावई बदलून मिळण्यासाठी अर्ज केला. त्यावर आवक क्रमांक पडला असून प्रकरण अद्याप कार्यवाहीत आहे.

खरी अडचण पुढे आली. शाखांकडे देण्याघेण्याला पैसा नव्हता. होतं ते फर्निचर. मॅडमनी त्याला मंजुरी दिली. मग भांडारपालांनी शंका काढली की, खुर्चीच्या बदल्यात माणूस आला तर खुर्ची जशी जडवस्तूंच्या नोंदवहीतून कमी होणार, तसा माणूस तिथे जमा दाखवावा लागेल. तसं ठरलं. नोंदवहीत 'स्थिती' असा रकाना होता आणि त्यात 'वापरात', 'नादुरुस्त' किंवा 'निर्लेखनयोग्य', म्हणजे मोडीत काढण्याजोगं, यांपैकी एक लिहायचं होतं. भांडारपाल सज्जन होते. त्यांनी बऱ्याच नावांपुढे तो रकाना कोरा सोडला.

टायपिस्टबाईंना मीटर शाखेने एक प्रिंटर आणि चार खुर्च्या देऊ केल्या. सौदा ठरला. तुमची काही अट आहे का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "फुटबॉल ऐकू येणार नाही अशी जागा द्या." एवढंच.

जायच्या आदल्या दिवशी त्या सगळ्या शाखांचं एकत्रित पत्रक टाइप करत होत्या. मध्येच थांबून त्यांनी कॅप्टनकडे बघितलं.

"सर, तुमच्या नावापुढे दोन लोखंडी कपाटं, तीन फिरत्या खुर्च्या आणि एक कूलर आहे."

"किती?"

बाईंनी पुन्हा वाचून दाखवलं. त्यांना पुढे काही सांगायचं असावं, पण तोवर कॅप्टन उभे राहिले होते. कार्यालयातला तो सर्वांत मोठा आकडा होता. दुसऱ्या क्रमांकावर खुद्द बाई होत्या आणि त्यांच्या किमतीत कूलर नव्हता.

त्या संध्याकाळी कॅप्टन घरी वेगळ्या चालीने गेले. बायकोने आकडा ऐकला आणि विचारलं, "कूलर आपल्याकडे येईल का?" येणार नाही म्हटल्यावर तिने कणीक मळायला घेतली. मेव्हणा मात्र बसल्या जागी सावरून बसला. तो विमा एजंट होता.

"भावजी, एवढ्या किमतीचा माणूस एजंटाशिवाय बोलणी करत नाही," तो म्हणाला. "माझे दहा टक्के." हिशेब केल्यावर त्याच्या वाट्याला खुर्चीची एक बैठक आणि कपाटाचं जेमतेम एक फळकूट येत होतं. त्याला तेही चालणार होतं.

दोघांनी मिळून अटी लिहिल्या. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा. सोमवारी नागरिक नकोत. निष्ठेबद्दल वेगळा भत्ता. तक्रार शाखेचे शाखाधिकारी एरवी रजेचा अर्जही तीनदा वाचत. त्यांनी या अटी न वाचता मान्य केल्या आणि कॅप्टनचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ सोडला नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, असं कॅप्टननी घरी सांगितलं.

लेखापालांनी एकदा हळूच विचारलं, "मग त्या टेबलाचं काय? ते निष्ठेचं?"

"शाखेचं भलं नको बघायला?" कॅप्टन म्हणाले. "तो गेला स्वतःच्या पैशासाठी. मी जातोय ते शाखेला कपाटं मिळावीत म्हणून. हा फरक समजायला भावना लागते हो."

लेखापाल काही बोलायला गेले, मग त्यांनी चहा संपवला.

निरोप समारंभात कॅप्टन भरभरून बोलले. शेवटी त्यांनी गळ्यातल्या ओळखपत्राचं चुंबन घेतलं. पट्टा आखूड असल्यामुळे त्यासाठी हनुवटी छातीत रुतवावी लागली, पण टाळ्या थांबेनात. त्या टाळ्या मनापासून होत्या, हे कोणालाही कळलं असतं. कॅप्टनना गहिवरून आलं.

आदेशात रुजू होण्याचं ठिकाण 'अभिलेख कक्ष, तळघर' असं होतं. कॅप्टन जरा चपापले. मेव्हण्याने समजूत काढली : ज्याला किंमत कळली तो तळघरात बसतो की माडीवर, याच्याशी आपल्याला काय करायचंय?

तळघरात एकही खिडकी नव्हती. जुन्या गठ्ठ्यांच्या भिंतींमधून वाट काढत कॅप्टन आत पोहोचले तेव्हा अभिलेखपाल रुमालाने मान पुसत होते. त्यांनी कॅप्टनच्या मागे दाराकडे पाहिलं.

"एकटेच आलात?"

"हो. सामान नंतर आणवीन."

"तेच म्हणतोय. कूलर कधी येणार?"

कॅप्टन समजुतीने हसले. "कूलर तुम्ही पाठवायचाय. वर, आमच्या शाखेत. कपाटं आणि खुर्च्याही. त्याच्या बदल्यात मी."

अभिलेखपाल एका गठ्ठ्यावर बसले. तिथे खुर्ची नव्हती.

"अहो, आमच्याकडे कूलर असता, तर तुम्हाला कशाला घेतलं असतं?"

त्यांच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. जे घडलं ते त्यांनी सरळ सांगितलं. "तुमचे साहेब आधी तुमच्याबरोबर एक खुर्ची देत होते. कोणी घेईना. मग तीन केल्या. मीटरवाले नाही म्हणाले, लेखावाले नाही म्हणाले. मग कपाटं घातली. माझ्याकडे आले तेव्हा मी म्हटलं, इथे उकडतं फार. कूलर देत असाल तर ठेवून घेतो."

कॅप्टनना आधी वाटलं, हा माणूस दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय. मग एकेक आठवायला लागलं. न वाचता मान्य झालेल्या अटी, साहेबांच्या डोळ्यांतलं पाणी, न थांबणाऱ्या टाळ्या. त्यांनी आधारासाठी गठ्ठ्यावर हात टेकला. सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांची कंबर खरोखर दुखत होती, आणि दाखला कोणाला द्यायचा ते कळत नव्हतं.

दुपारी दोन माणसं सामान पोहोचवून गेली. संध्याकाळी लेखापाल खाली आले. कॅप्टन एका नव्या फिरत्या खुर्चीवर बसले होते आणि कूलर घरघरत होता.

"तुम्हाला माहीत होतं," कॅप्टन म्हणाले.

"होतं. लेखा शाखेकडेही तुमचा प्रस्ताव आला होता. तीन खुर्च्यांसकट."

"मग सांगायचं नाही?"

"दोनदा तोंड उघडलं. तुम्ही भावनेवर होतात." लेखापालांनी दुसरी खुर्ची ओढून घेतली. "आपला दहा नंबरचाही असाच गेलाय. त्या दिवशी तेच सांगत होतो. निळ्यांनी त्याला घ्यावं म्हणून त्याचा अर्धा पगार पुढेही आपलाच क्लब भरणार आहे. त्याला म्हणे जायचं नव्हतं."

कॅप्टननी खुर्ची एकदा पूर्ण फिरवली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यासाठी काय आलं?"

"काही नाही."

"म्हणजे कोणी मागितलं नाही?"

"मागितलंही नाही, आणि मला घालवायला कोणी काही द्यायलाही निघालं नाही. पत्रकात माझं नावच राहून गेलंय." लेखापालांनी चष्मा काढून पुसला. "परवा मीच विचारायला गेलो, तर म्हणाले, तुम्ही कोणत्या शाखेत?"

कॅप्टननी उठून कूलरचं तोंड लेखापालांकडे वळवलं आणि दोघे वाऱ्याला बसून राहिले.

महिनाअखेरीस खिडकी बंद झाली. पाठोपाठ मॅडमच्या बदलीचा आदेश आला आणि त्या आजारी पडल्या. टायपिस्टबाई मीटर शाखेत सुखात आहेत. तक्रार शाखेत आता कॅप्टन नाहीत आणि टायपिस्टबाईही नाहीत. पैकी एकाच्या नसण्याने नागरिकांना फरक पडला आहे.

कॅप्टन आठवडाभरात सावरले. हल्ली दर शनिवारी मेव्हण्याच्या घरी सामना बघायला मंडळी जमतात. दहा नंबरचा निळ्या जर्सीत पडद्यावर दिसला की कॅप्टन अजूनही 'गद्दार' म्हणतात. तो अर्ध्या पगाराचा तपशील त्यांनी कोणाला सांगितलेला नाही. मध्यंतरात खेळाडूंच्या किमतींचा विषय निघतो. मग ते मागे रेलून म्हणतात, "आमच्या कार्यालयात माझ्यासाठी दोन कपाटं, तीन खुर्च्या आणि एक कूलर मोजलाय. रेकॉर्ड आहे." मंडळी माना डोलावतात. कोणीतरी शिट्टी वाजवतं.

ते सगळं कोणी मोजलं आणि कोणाला, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. टायपिस्टबाईंनी आकडा वाचून दाखवला, तेव्हा तुम्ही तरी कुठे विचारलंत?